घड्याळ बॅगेत, टॉर्च डोक्यावर

पाऊस ओसरायला लागला की आमच्या मेलबॉक्सला धाप लागते. डिसेंबर-जानेवारीतल्या डोंगरातल्या रेसेसना जूनमध्येच जोशात पैसे भरून बसलेली मंडळी एकदम जागी होतात, आणि मग शूज कुठले इथपासून ते बायको बोलत नाही इथपर्यंत सगळं आमच्याकडे येतं. यावेळी त्यातले सहा प्रश्न घेतलेत. नेहमीप्रमाणे आधीच सांगून ठेवतो, मी कोच नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. पाच दिवस बँकेत बसणारा आणि सुट्टीला डोंगरात पळणारा, बहुतेक वेळा स्वीपरच्या थोडंसंच पुढे येणारा माणूस आहे. (स्वीपर म्हणजे सगळ्यात मागे राहून कोणी वाटेत राहिलं नाही ना बघत येणारे व्हॉलंटियर. फार गोड माणसं असतात, माझी बऱ्याच जणांशी ओळख आहे.)

रोडवर माझी हाफ मॅरेथॉन २ तास ५ मिनिटांत होते. आता डिसेंबरात २५ किलोमीटरची ट्रेल रेस घेतलीय, एकूण चढ १२०० मीटर लिहिलाय. मी ३ तासांचं टार्गेट ठेवलंय तर ग्रुपमधले हसतायत. एवढं काय चुकलं? — एक रनर, ठाणे

हसले ते बरोबरच हसले, पण कारण पण सांगायला हवं होतं त्यांनी.

ट्रेलवाल्यांचा एक सोप्पा हिशोब आहे, आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग असोसिएशन पण रेस किती अवघड हे ठरवताना तोच धरते. दर १०० मीटर चढाला १ किलोमीटर जादा मोजायचा. म्हणजे तुमचे २५ अधिक १२, झाले ३७. तुमचा रोडचा पेस (म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ) साधारण ६ मिनिटांचा, त्याने ३७ किलोमीटरला ३ तास ४२ मिनिटं, आणि ते पण पायाखाली डांबर असेल आणि २१ नंतर तुम्ही दमणारच नसाल तर. आता दुसऱ्या टोकाचा हिशोब बघा, नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी मांडलेला: दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला अजून एक तास. त्याने तुमचे होतात ७ तास. तुम्ही या दोन्हीच्या मधे कुठेतरी बसणार, माझा अंदाज पावणेपाच. घसारा किती आहे, रॉक पॅचला लाइन किती लागते, यावर वीस-पंचवीस मिनिटं इकडे तिकडे. कट-ऑफ (म्हणजे ज्या वेळेच्या आत पोचलं नाही तर रेसमधून बाहेर काढतात ती वेळ) काय आहे तो आधी बघा, टार्गेट नंतर.

आणि चढावर चाला हो. रोडवाल्यांना याची लाज वाटते, मला पण वाटायची. पहिल्यांदा सिंहगडाला आतकरवाडीतून सुरुवात केली तेव्हा खालच्या टप्प्यात मी जो काही सुटलो, ट्रेकर लोकांना साइड मागत, मनगटावर नवं कोरं घड्याळ. एक मावशी डोक्यावर दुधाची किटली आणि कमरेला पिशवी घेऊन वर निघाल्या होत्या, पायात साधी चप्पल, त्यांना पण ओव्हरटेक केलं. पुढे दुसऱ्या का तिसऱ्या ताकाच्या टपरीपाशी मी दगडावर बसून आभाळाकडे बघतोय तोवर त्याच मावशी त्याच चालीने आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बसा दादा निवांत, ताक वर मिळंल." थांबल्या सुद्धा नाहीत. घड्याळ दाखवत होतं हार्ट रेट १८८.

तेव्हापासून चढ आला की मी हात मांडीवर टेकवून, पाठ फार न वाकवता, छोटी छोटी पावलं टाकत चालतो. तीव्र चढावर पळणारा आणि दमदार चालणारा यांच्या वेगात फरक थोडाच असतो, दमण्यात मात्र खूप असतो. आणि पेस दाखवणारा तो स्क्रीन घड्याळातून काढूनच टाका, डोंगरात त्या आकड्याला काही अर्थ नाही. झाडीत जीपीएस पण कुठल्या कुठे भरकटतं.

ठाण्यात आहात तर येऊर आणि मामा-भाचे टेकडी आहेच. ते जमत नसेल त्या दिवशी बिल्डिंगचा जिना घ्या. २० मजले म्हणजे साधारण ६० मीटर, दहा वेळा केलं की ६०० मीटर चढ झाला, लिफ्टने खाली न येता जिन्यानेच उतरायचं. वॉचमन विचारेल काय झालं म्हणून, सांगा लिफ्ट बंद आहे.

आम्ही चार शिक्षक मिळून रिलेला नाव दिलंय, ४० किलोमीटर, प्रत्येकी एक टप्पा. आमच्यातले एक सर बरेच स्लो आहेत पण उत्साही आहेत आणि टीम त्यांनीच जमवलीय. त्यांना कुठल्या टप्प्यावर टाकावं? आणि वाईट न वाटता कसं सांगावं? — वाळवा तालुका, सांगली

सर, तुमच्या भागातल्या माणसाने रिलेबद्दल मला विचारावं ही गंमतच आहे. शिवज्योत आणली असेल की कधीतरी! शिवजयंतीच्या आदल्या रात्री पन्हाळ्यावरून किंवा प्रतापगडावरून मशाल पेटवून गावापर्यंत पळत आणायची, मागे टेंपो, टेंपोत स्पीकर, तेलाचा डबा आणि निम्मी झोपलेली पोरं. मी कॉलेजात असताना मामाच्या गावच्या पोरांबरोबर एकदा गेलोय. कोणी दोनशे मीटर पळतो कोणी किलोमीटरभर, दमला की हात वर करतो, दुसरा टेंपोतून उडी मारून मशाल घेतो. त्यात एक जाडसा पोरगा होता, तो विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंतच पळायचा. पण दर वेळी पळायचा, आणि मशालीत तेल घालायचं काम पण त्याचंच. रात्री दोन वाजता घाटात वारा सुटला तेव्हा अंगाने आडोसा करून मशाल त्यानेच धरून ठेवली. सकाळी वेशीवर ओवाळायला बायका थांबलेल्या, मशाल शेवटी त्याच्याच हातात दिली होती. त्याची वेळ कोणी मोजली नाही.

आता तुमच्या रेसमध्ये मोजतात हे खरं आहे. तर व्यवहाराचं सांगतो. सरांना पहिला टप्पा द्या. सुरुवातीला सगळा घोळका बरोबर असतो, माणूस एकटा पडत नाही, ऊन चढलेलं नसतं, आणि मुख्य म्हणजे बाकीच्या तिघांची कमाई आपण घालवतोय ही भावना नसते कारण कमाई अजून झालेलीच नाहीये. मग मागचे तिघं नुसतं ओव्हरटेक करत जातात, त्यात मजा वेगळीच. फक्त पहिल्या चेंजिंग पॉइंटला कट-ऑफ आहे का ते नीट बघा, असेल तर आणि पहिला टप्पाच सगळ्यात चढाचा असेल तर हे गणित उलटं करा. उतार दगडधोंड्यांचा असेल तर तिथे सगळ्यात फास्ट नाही, ज्याचा पाय घसरत नाही असा माणूस टाका. शेतात वाढलेला बहुतेक लगेच ओळखू येतो.

वाईट न वाटता कसं सांगावं याचं उत्तर सोपं आहे, सगळ्यांसमोर कागद टाकून टप्पे वाटा, "सर तुम्ही ओपनिंग करा" म्हणा. ओपनिंग शब्दाला आपल्याकडे क्रिकेटमुळे भलताच मान आहे.

जपानात लांब पल्ल्याच्या रोड रिलेला एकिदेन म्हणतात. तिथली हाकोनेची एकिदेन विद्यापीठांची असते, १९२० पासून चालू आहे, दहा जण मिळून दोन दिवसांत सुमारे २१७ किलोमीटर पळतात, २ आणि ३ जानेवारीला, अख्खा देश टीव्हीसमोर बसलेला असतो. हातात बॅटन नसतो, खांद्यावरून आडवा कापडी पट्टा असतो, तासुकी. तो काढून पुढच्याला द्यायचा. टीम ठरलेल्या वेळेपेक्षा फार मागे राहिली तर पुढच्या पोराला आपल्या पट्ट्याची वाट न बघता बदली पट्टा घालून सोडतात, आणि मग मागून आपल्या विद्यापीठाचा पट्टा घेऊन आलेला तो पोरगा घ्यायला कोणी नाही म्हणून तिथेच रस्त्यावर बसून रडतो. वेळ तर मोजली जातेच की, पण पट्टा तुटला याचं दुःख त्यांना जास्त.

एक शेवटची सूचना स्वतःच्या अनुभवावरून. आमच्या टीमचा तिसरा गडी चेंजिंग पॉइंटला आला तेव्हा चौथा, म्हणजे मी, वडापावच्या गाडीसमोर उभा होतो. आमचा हिशोब होता की तो अजून दहा मिनिटांनी येईल. तो ओरडतोय, व्हॉलंटियर माझा बिब नंबर ओरडतायत आणि मी गाडीवाल्याला म्हणतोय मिरची वेगळी द्या. पावणेदोन मिनिटं गेली. या गोष्टीला सहा वर्षं झाली, अजून आमच्या ग्रुपमध्ये माझं नाव मिरची आहे. तेव्हा पुढचा गडी अंदाजे वेळेच्या वीस मिनिटं आधी तयार उभा पाहिजे, पोट आधीच भरून.

नवरा ४६ वर्षांचा. तीन वर्षांपासून दर रविवारी पहाटे साडेतीनचा गजर, मग मिक्सर, मग दारात शूज आपटणं. दुपारी येतो, झोपतो, संध्याकाळी पाय दुखतात म्हणून बसून. यावर्षी दोन लग्नं आणि सख्ख्या भाचीचं बारसं चुकवलं. पळू नको म्हणायचं नाहीये मला, पण काय म्हणू? — पिंपरी-चिंचवड

वहिनी, तुमचं पत्र आमच्या घरात मोठ्याने वाचलं गेलं आणि त्यानंतर बराच वेळ कोणी माझ्याशी बोललं नाही, तेव्हा समजून घ्या.

तुम्ही पण पळायला लागा असं मी सांगणार नाही. तो सल्ला सगळेच देतात आणि तो उत्तर टाळायचा प्रकार आहे. रविवार हा त्याच्या एकट्याचा नाही, अर्धा तुमचा आहे, आणि तो त्याने तुम्हाला न विचारता वापरलाय, मुद्दा एवढाच. आमच्याकडे जे ठरलंय ते असं: जानेवारीत कॅलेंडर समोर घ्यायचं, आधी घरातली कार्यं लाल पेनने, मग उरलेल्यात रेसेस, वर्षाला तीनच. महिन्यातले दोन रविवार लांब पळायचं, दोन रविवार घरी, आणि घरी म्हणजे घरी, सोफ्यावर पाय वर करून नाही. रात्रीच केळी सोलून डब्यात, मिक्सर पहाटे बंद. पळून आल्यावर झोप एक तास, मग भाजी आणायला जायचं. उतारावर पळालेल्या पायांना थोडं चालणं चांगलंच असतं, हे त्याला माझ्या नावाने सांगा.

भाचीच्या बारशाचं मात्र त्याला स्वतःलाच निस्तरू द्या. आणि एक गंभीरपणे, वय ४६ आहे, छातीत दुखणं, चक्कर, घरात कोणाला हृदयाचा त्रास असं काही असेल तर पुढच्या रेसआधी डॉक्टरांकडून तपासणी झालीच पाहिजे, मेडल किती का असेनात.

रेसमध्ये एनर्जी जेल खाल्लं की मळमळतं. चिक्की, लाडू असलं चालतं का? पाणी किती प्यायचं? — नाशिक

चालतं, पळतं. पोटाला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट मिळालं की झालं, ते कुठून आलं याची चौकशी पाय करत नाहीत. खजूर, राजगिऱ्याची चिक्की, केळं, उकडलेला बटाटा मीठ लावून, गूळ. शेंगदाण्याचा लाडू चविष्ट पण त्यात तेल जास्त, पचायला वेळ लागतो, तो चालताना खा, जोरात पळताना नको. चिक्की कोरड्या तोंडात चिकटते आणि धाप लागलेली असताना तुकडा घशात गेला की भलतंच, त्यामुळे घोटभर पाण्याबरोबर. काय पण खाणार असाल ते आधी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर खाऊन बघा, रेसच्या दिवशी नवीन काही नाही.

पाणी तहानेप्रमाणे. भीतीने दर स्टेशनला बाटलीभर नुसतं पाणी ढोसणारे लोक असतात, त्याने रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते डिहायड्रेशनपेक्षा वाईट ठरू शकतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका, मळमळ तिथूनच सुरू होते बऱ्याच जणांची. पळायच्या आधी पेनकिलर घ्यायची तर अजिबात नाही, घामाने पाणी गेलेलं असताना ती गोळी किडनीला महागात पडते.

आणि जेलची रिकामी पाकिटं खिशात. राजगडावर आपण पळायला जातो, कचरा टाकायला नाही.

हौशी लोकांच्या रेसमध्ये पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं येतात आणि सगळी बक्षिसं घेऊन जातात. हे योग्य आहे का? यांना वेगळी कॅटेगरी नको का? — नाव न छापण्याच्या अटीवर, पुणे

नाव छापत नाही, तुमच्या भल्यासाठीच.

ती पोरं हौशी नाहीत तर कोण आहेत? पगार मिळतो का त्यांना पळायचा? पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, मुलींना ८००, त्यासाठी गावाबाहेरच्या रस्त्यावर पहाटे चारला उठून पळतात, रविवारी कुठे तीन-पाच हजारांचं बक्षीस असेल तर एसटीने येतात. मी एकदा स्टार्ट लाइनला अशाच एका पोराशेजारी उभा होतो. माझ्या अंगावर हायड्रेशन व्हेस्ट, पोल, बफ, नी-कॅप असा सगळा मिळून एका स्कूटरच्या डाउन पेमेंटचा ऐवज, त्याच्या पायात घासून गुळगुळीत झालेले शूज आणि हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. तो मला म्हणाला, "सर, एवढं घेऊन पळता येतं का?" मला नंतर तो दिसला तेव्हा मी अजून चढत होतो आणि तो उतरत होता, आणि उतरता उतरता दुसऱ्या एका काकांना हात देऊन दगडावरून खाली घेतलं त्याने. पहिल्या तिघांत आला तरी.

वयाच्या कॅटेगरी असतात, त्या आपल्यासाठीच आहेत, आणि त्या नीट ठेवल्या नसतील तर आयोजकांशी जरूर भांडा. पण गावातली पोरं नकोत असं म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने नाही. ज्यांच्या डोंगरात, ज्यांच्या बांधावरून आपण पळतो त्यांनीच बक्षीस नेलं तर बिघडलं काय? ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची, दुष्काळी गाव, तिथून २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) फायनलला पोचली, दहावी आली. अशी कुणी आपल्या शेजारून पळत पुढे गेली तर मी तरी घरी येऊन चार दिवस सांगत बसेन.

उतारावर पायाची नखं काळी पडतात आणि दोन दिवस जिना उतरता येत नाही. शूज बदलू का? शिवाय आमची रेस पहाटे पाचला सुरू होते, मोबाइलचा टॉर्च चालेल ना? — कल्याण

नखं म्हणजे शूज लहान, किंवा लेस ढिली आणि पाय पुढे सरकतोय. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या, वरच्या शेवटच्या भोकातून लेस ओवून टाच घट्ट बांधा, नखं रेसच्या दोन-तीन दिवस आधी कापा. फार महागाचा हट्ट नको, आपल्याकडे अर्ध्या सह्याद्रीने अ‍ॅक्शन ट्रेकिंगच्या शूजवर गड पालथे घातलेत, ग्रिप चांगली असली म्हणजे झालं. आणि ओल्या शेवाळाच्या कातळावर कुठल्याच कंपनीचा शूज चालत नाही, तिथे सरळ बूड टेकायचं.

मांड्या दुखतात कारण उतरताना स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्याने त्याला बारीक इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. चांगली गोष्ट अशी की एकदा असं दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढंच उतरून पण कमी दुखतं. म्हणून रेसच्या तीनेक आठवडे आधी एक चांगला लांब उतार करून घ्या. उतरताना मागे रेलू नका, पावलं छोटी, नजर तीन-चार मीटर पुढे, हात पसरलेले, दिसायला कोंबडी पकडायला निघाल्यासारखं दिसतं पण कोणी बघत नाही.

आणि कड्यात आग्या मोहोळं असतात तिथे परफ्यूम मारून, ओरडत, स्पीकर लावून जाऊ नका, हे दर वर्षी सांगावं लागतं. उठलीच तर हात न झटकता तोंड झाकून जितकं लांब पळता येईल तितकं पळा. त्या दिवशी पीबी, म्हणजे आजवरची तुमची सगळ्यात फास्ट वेळ, होईल.

मोबाइलचा टॉर्च नाही चालणार. एक हात त्यातच अडकतो, पडलात तर टेकायला हात नाही, आणि वर फोनची बॅटरी संपली की मदतीला फोन पण नाही. डोक्याला लावायचा हेडलॅम्पच घ्या, शिट्टी आणि विंडचीटर बरोबर. आदल्या रात्री लावून बघा. सेल दुकानातून नवे आणा, टीव्हीच्या रिमोटमधले काढून नाही, मी काढले होते, खिंडीत पोचलो तेव्हा गेले आणि घरी आलो तर रिमोट पण बंद.